बधिर बोटं

माझ्या उजव्या हाताची करंगळी पहिल्यांदा बधिर झाली ती सातरस्त्याच्या अलीकडे. सकाळची वेळ होती. समोर ट्राम थांबली म्हणून सायकलचा ब्रेक दाबायला गेलो, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ब्रेकवर आहेत की नाहीत तेच कळेना. खाली पाहिलं तर होती जागच्या जागी. हात झटकला, मुंग्या आल्या, आणि बोटं हळूहळू परत माझी झाली. गिरगावात ऑफिसला पोचेपर्यंत मी ते विसरूनही गेलो.

तेव्हा मी गिरगावातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर होतो. मोठ्या ड्राफ्ट्समननी पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर आरपार दिसणारं ट्रेसिंगचं मेणकापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. गावाहून मुंबईत येऊन फार दिवस झाले नव्हते. डिलाईल रोडवरच्या चाळीत दादाची एक खोली होती. दादा गिरणीत जायचा. खोलीत तो, वहिनी आणि त्यांची दीड वर्षाची मुलगी. मी बाहेर गॅलरीत झोपायचो. आईवडील मागेच गेलेले, त्यामुळे घर म्हणजे तेवढंच.

सायकल मला घ्यावी लागली ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा कर्फ्यू. ट्राम कधी निघायची, कधी निघायचीच नाही. चालत गिरगाव गाठायचं म्हणजे रोज उशीर व्हायचा. ऑफिसात गिरगावातल्याच एका वाडीत राहणारे, पिढ्यान् पिढ्या मुंबईचे ख्रिश्चन गृहस्थ होते, आमचे सीनियर ड्राफ्ट्समन. माझ्याहून वीतभर उंच. तरुणपणी ते सायकलच्या शर्यतीत भाग घ्यायचे. एके दिवशी ते म्हणाले, "माझी जुनी सायकल जिन्याखाली सडते आहे. घेऊन जा. मी काय आता या वयात तिच्यावर बसणार?"

सायकल देखणी होती. पण ती त्यांच्या मापाची आणि शर्यतीची. हँडल खाली वळवलेलं, सीट उंच, आणि सीटचं टोक पुढे झुकलेलं. मी बसलो की सगळं अंग हातांवर यायचं. हे मी आज सांगतो आहे. तेव्हा सायकल अशीच चालवायची असते असं मला वाटलं. गावाकडे मी सायकलवर कधी बसलोच नव्हतो. दादाने रविवारी मैदानात मागून धरून शिकवली, तेवढंच माझं शिक्षण.

बोटं पुन्हा बधिर झाली. मग रोजच व्हायला लागली. आधी सायकलवर असतानाच, नंतर ऑफिसात बसल्यावरही. एका दुपारी शाईचं पेन हातातून सुटलं आणि जवळजवळ पुरा झालेल्या नकाशावर शाईचा थेंब पडला. सीनियरांनी मान वळवून पाहिलं.

"काय रे, हात झोपला काय?"

"नाही. घाम आला होता," मी म्हणालो.

त्या क्षणी मी खोटं का बोललो ते मला नीट ठाऊक होतं. आमच्या गावी ओढ्यापलीकडे एक माणूस एकटा राहायचा. त्याला महारोग झाला होता. लहानपणी मी आईला विचारलं होतं, की त्याला हे कसं कळलं. आई म्हणाली होती, "आधी बोटांका कळनासा जाता." चुलीतला निखारा त्याच्या बोटाला लागला तरी त्याला समजलं नव्हतं म्हणे. त्याची बायको एका दगडावर भाकरी ठेवायची, मागे सरायची, आणि मग तो पुढे येऊन ती उचलायचा. आम्ही पोरं लांबून बघायचो. आमच्यातलं कोणी कधी त्याच्याशी बोललं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी चाळीच्या मोरीत कडी लावून घेतली आणि वहिनीच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी करंगळीला टोचून पाहिली. टोक आत गेलेलं दिसलं, रक्ताचा ठिपका आला. दुखलं, पण दुसऱ्याच कुणाला दुखावं तसं, लांबून. मी अंगठ्याला टोचली, तिथे मात्र कळ थेट डोक्यात गेली. बराच वेळ मी मोरीत तसाच उभा राहिलो. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं तेव्हा भानावर आलो.

दादाच्या मुलीला माझ्या ताटात जेवायची सवय होती. संध्याकाळी मी पायातल्या वहाणा काढतो न काढतो तोच ती रांगत, मग पुढे अडखळत चालत यायची आणि माझ्या मांडीवर बसायची. मी भात कालवायचा, लहान लहान घास करून तिला द्यायचा, ती दोन खायची आणि तिसरा माझ्या तोंडात कोंबायची. त्या दिवसापासून मी ते बंद केलं. ती आली की उठून गॅलरीत जायचो. ती दाराशी उभी राहून रडायची. मी रस्त्याकडे तोंड करून कठड्याला टेकून राहायचो. माझा पेला वेगळा केला, ताट स्वतः घासायला लागलो, टॉवेल दोरीच्या अगदी टोकाला वाळत घालायचो.

वहिनी आठवडाभर हे बघत होती. मग एका सकाळी डबा हातात देताना तिने विचारलं, "भावजी, आमचा काय चुकला काय?"

"नाही हो वहिनी."

"मग पोरीक घेणास नाय, तिच्या हातचा खाणास नाय. ह्ये काय बोलले काय?"

"दादा कशाला बोलेल? ऑफिसात काम फार आहे."

डबा घेताना माझं बोट तिच्या बोटाला लागू नये म्हणून मी तो खालून धरला. तिने ते पाहिलं. तिचा चेहरा पडला. मला ती माणसं नकोशी झाली असा अर्थ तिने लावला असणार, ते मला कळत होतं, आणि मला तो तसाच राहू द्यायचा होता. खरं सांगितलं असतं तर तिने पोरीला उचलून कोपऱ्यात नेलं असतं, असं मला वाटायचं. ते बघण्यापेक्षा माझ्यावर रुसलेली वहिनी परवडली.

दादाला यातलं काही दिसत नव्हतं. तो तेव्हा अर्धा गिरणीत आणि अर्धा चळवळीत होता. पाळी संपली की सभा, सभा संपली की मिरवणूक. एका रविवारी त्याने मला ओढलंच. "चल रे, आज सगळे येतत. घरात बसान काय करतलंस?"

लालबागच्या नाक्यावर इतकी माणसं मी तोवर कधी पाहिली नव्हती. गिरणीवाले, कारकून, कॉलेजची मुलं, काष्टा मारलेल्या बायका. घोषणा उठली की छातीत हादरा बसायचा. मोर्च्याच्या कडेने स्वयंसेवक हातात हात गुंफून साखळी करत होते, गर्दी फुटू नये म्हणून. दादा त्या साखळीत शिरला, त्याने मागे वळून माझ्यापुढे हात केला. त्याच्या दुसऱ्या बाजूला कोणी अनोळखी माणूस होता, तोही हसून म्हणाला, "या ना भाऊ!"

मी हात खिशात घातले. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो," म्हणालो आणि फुटपाथवर चढलो. साखळी पुढे सरकली. माझ्या जागी दुसरं कोणीतरी आलं, आणि दादाचं डोकं थोडा वेळ दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं. मोर्चा सरायला खूप वेळ लागला. हजारो माणसं एकाच गोष्टीसाठी ओरडत होती आणि मलाही ती गोष्ट हवी होती, मनापासून हवी होती. पण बंद दुकानाच्या फळ्यांना पाठ लावून मी फक्त बघत राहिलो. मोर्च्याची शेवटची ओळ गेल्यावर रस्त्यावर चपला राहिल्या होत्या, कुणाकुणाच्या सुटलेल्या.

त्यानंतर मी घर सोडलं. कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या माळ्यावर, कापसाचे नमुने ठेवायच्या खोलीशेजारी, एक अडगळीची जागा होती. आमच्या गावचे एक गृहस्थ तिथे कारकून होते, त्यांनी मला तिथे राहू दिलं. वहिनीला मी सांगितलं, ऑफिस जवळ पडेल. कॉटन ग्रीन गिरगावहून डिलाईल रोडपेक्षाही लांब, हे न कळायला ती काही कालच मुंबईला आलेली नव्हती.

आता सायकलवर अधिक वेळ जायला लागला. काळाचौकी, लालबाग, भायखळा, मग पुढे गिरगाव. ट्रामच्या रुळांमधली दगडी फरसबंदी अशी की चाकाचा प्रत्येक हिसका मनगटात यायचा. मी हँडल आवळून धरायचो, कारण सैल धरलं तर बोटं सुटतील अशी भीती वाटायची. आणि हात बरा होण्याऐवजी बिघडतच चालला. डाव्या हाताची करंगळीही गेली. मला वाटलं, झालं, आता पसरला.

त्या माळ्यावरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त शांतता आठवते. संध्याकाळी गोदामं बंद झाली की तिथे माणूस उरत नसे. कापसाची बारीक तुसं हवेत तरंगायची आणि सगळ्यावर बसायची, अंथरुणावर, पाण्यावर, माझ्या केसांवर. रविवारी तर मी सकाळपासून कोणाशीही एक शब्द बोललेला नसायचो. कधीकधी मुद्दाम खाली उतरून इराण्याकडे जायचो, नुसतं "एक चहा" म्हणायला. स्वतःचा आवाज ऐकून मलाच दचकायला व्हायचं. शर्ट काढून मी आरशाच्या तुकड्यात पाठ बघायचो, कुठे चट्टा उठला आहे का. ओढ्यापलीकडचा तो माणूस तेव्हा मला रोज आठवायचा. तो दिवसभर काय करत असेल, हे मला लहानपणी कधी सुचलंच नव्हतं.

शेवटी परळच्या हॉस्पिटलात गेलो तो धीर आला म्हणून नाही. ऑफिसात माझ्याकडून एकामागून एक नकाशे बिघडले. सीनियरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, तू सांगत नाहीस, मी विचारत नाही. पण उद्या ऑफिसला येऊ नको. डॉक्टरकडे जा. साहेबांना मी सांगतो."

त्वचारोगाच्या विभागासमोर लांबलचक बाक होता. मी अगदी टोकाला बसलो. माझ्या शेजारी मध्ये जागा सोडून एक बाई बसल्या होत्या, चाळिशीच्या असतील. नीटनेटकं नऊवारी लुगडं, पदर दोन्ही हातांवरून ओढून घेतलेला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "पहिल्यांदाच आलात?"

"हो."

"समजतं. पहिल्यांदा येणारा माणूस दाराकडे तोंड करून बसतो." मग म्हणाल्या, "घाबरू नका. आता गोळ्या निघाल्या आहेत. मला वर्ष झालं घेतेय. वाढ थांबली आहे म्हणतात."

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"घर आहे ना, दादरला. मुलं आहेत. मी तिथे नसते." त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही घरी सांगितलंत?"

मी मानेनेच नाही म्हणालो. त्या दिवसापर्यंत माझ्या भीतीसह मला कोणी ओळखलं असेल तर ते त्यांनीच. मला एकदम रडू येईल असं वाटलं, आणि तेवढ्यात माझा पुकारा झाला.

डॉक्टर तरुण होते, माझ्याहून थोडेच मोठे. त्यांनी मला डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा बोटांवरून फिरवला, टाचणीने ठिकठिकाणी टोचलं. मग कोपराच्या मागची नस चाचपली, कान पाहिले, पाठ पाहिली, पाय पाहिले. हाताचा पंजा उजेडात धरून तळव्याकडे बराच वेळ बघत राहिले. करंगळीच्या खाली, मनगटापाशी, कातडी जाड आणि लालसर झाली होती.

"काम काय करता?"

"ट्रेसर आहे."

"त्याने असं होणार नाही. आणि दोन्ही हातांना. येता कसे कामाला?"

"सायकलने."

त्यांनी मान वर केली. "या टेबलाची कड म्हणजे हँडल. धरून दाखवा."

मी उभा राहून, कोपरं ताठ करून, मनगटं मागे वाकवून, सगळा भार देऊन टेबलाची कड आवळली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्या तळव्याच्या त्या जाड जागेवर अंगठा दाबला आणि माझी करंगळी झिणझिणली.

"करंगळीकडे जाणारी नस इथून जाते. तुम्ही रोज तास तास तिच्यावर बसता आहात. तुम्हाला दुसरं काही झालेलं नाही. नस जाड नाही, अंगावर डाग नाही. इतके दिवस काय समजत होतात?"

मी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. त्यांचीही नजर तिकडे गेली आणि त्यांना समजलं असावं, कारण पुढचं ते फार सावकाश बोलले. सीट सपाट करा, टोक खाली नको, नाहीतर अंग पुढे घसरतं. हँडल वर घ्या. मुठींना काहीतरी मऊ गुंडाळा. कोपरं थोडी वाकलेली ठेवा, मनगट सरळ. आवळून धरू नका. हात एकाच जागी ठेवू नका, सारखी पकड बदला, आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा एकेक हात सोडून झटका. थोडे दिवस सायकल बंदच ठेवा. "संवेदना परत येईल. वेळ लागेल. आधी मुंग्या येतील, त्याला घाबरू नका."

बाहेर आलो. बाई तिथेच होत्या. "काय म्हणाले?"

"सायकलमुळे आहे म्हणाले. नस दबली आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग बरं झालं हो," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांचा चेहरा उजळला. "जा, आधी घरी जा." मला त्यांच्यासाठी काहीतरी म्हणायचं होतं. शब्द सापडेना. मी हात जोडले. त्यांनी पदराखालूनच हात जोडले, बाहेर काढले नाहीत. पुढे दोन वेळा दाखवायला गेलो तेव्हा मी तो बाक पाहिला, त्या दिसल्या नाहीत. नाव विचारलेलं नसल्यामुळे चौकशी तरी कुणाची करणार?

सायकल हातात धरून मी कॉटन ग्रीनपर्यंत चालत गेलो. दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातून पाना मागून आणला. सीट खाली घेतली, टोक सपाट केलं. खाली वळलेलं हँडल सोडवून उलटं बसवलं, त्यामुळे मुठी वर आल्या; शर्यतीची ती सायकल आता शिंगं उगारलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. जुन्या धोतराच्या पट्ट्या मुठींवर गुंडाळल्या, वर फाटकी ट्यूब चढवली. काही दिवस चाललो. मग हळूहळू सायकलवर बसायला लागलो, आणि हँडल सैल धरायला शिकलो. ते शिकणं अवघड गेलं. भीती वाटली की हात आपोआप आवळतो.

घरी गेलो तो हॉस्पिटलात गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी. मोसंबी घेतली होती. वहिनीला सगळं सांगितलं, मोरीपासून टेबलाच्या कडेपर्यंत. ती ऐकत होती, तांदूळ पाखडणारं हातातलं सूप थांबलं होतं. सांगून झाल्यावर ती रागाने लालबुंद झाली.

"येवढी आमी हंय असताना तुमी येकटेच टाचणी टोचीत बसलास? माका सांगूक नको होता?"

"पोरीला काही झालं असतं तर, वहिनी?"

तिने डोळे पुसले आणि पोरीला पुढे केलं. "बघ, बाय, काका इलो." मी हात पसरले. ती माझ्याकडे एकटक पाहत राहिली आणि मग आईच्या लुगड्यात तोंड लपवून ओरडायला लागली. वहिनी हसून म्हणाली, "विसारला, लहान हा." मीही हसलो.

तोवर वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तिची आई गावाहून येऊन राहिली होती आणि तिच्या भावालाही गिरणीत बदली कामगार म्हणून काम मिळालं होतं. गॅलरीत आता त्याचं अंथरूण होतं. दादा म्हणाला, "सरकान घेवया, मावतलंस तू." पण सरकवायला जागा नव्हती, ते त्यालाही दिसत होतं आणि मलाही. कुणाचीच चूक नव्हती. मी कॉटन ग्रीनला परत गेलो.

बोटं परत यायला महिने लागले. आधी मुंग्या आल्या, मग गार पाण्याचा चटका बसायला लागला. एका संध्याकाळी स्टोव्हवरचं भांडं उतरवताना करंगळी भाजली आणि कळ आली, खरीखुरी, डोक्यापर्यंत जाणारी. मी भांडं सोडून उडी मारली. त्या माळ्यावर मी मोठ्याने हसलो. मग कोणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून खिडकीपाशी गेलो. खाली रिकाम्या मालडब्यांची रांग होती.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा सगळं लालबाग, सगळं परळ रस्त्यावर आलं होतं. मीही गेलो, गर्दीत मिसळलो, लोकांनी गुलाल लावला. दादा तिथेच कुठेतरी होता. आमची गाठ पडली नाही.

मी त्या माळ्यावर पुढे बरीच वर्षं काढली. दर रविवारी डिलाईल रोडला जायचो, जेवायचो, उन्हं उतरली की निघायचो. पोरीला माझी सवय झाली, पण पाहुण्याची होते तशी. मी आलो की ती गॅलरीतून वाकून आत ओरडायची, "आई, सायकलवाले काका आले!" तिला काका एकच होता, तरी.